घाटावरची गोळी, घाटाखालचं पाणी

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं एकाएकी देशभरच्या बातम्यांत आली. आधी डोकं खाजायचं, मग केसांचे पुंजके हातात यायचे आणि आठवडाभरात टक्कल पडायचं. बायाबापड्या, शाळकरी पोरं, कुणीच सुटलं नाही. बघता बघता १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो जाणारच होता; खारपाणपट्ट्यातल्या माणसाचं पाण्याशी भांडण जुनं आहे. नमुने तपासले तेव्हा क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे शोध घेतला आणि सेलेनियमवर बोट ठेवलं. ते रेशनच्या गव्हातून आलं, असा त्यांचा निष्कर्ष.

हा लेख केसगळतीवर नाही. पण त्या महिन्यात जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी ‘पाणी तपासलं का’ हा एकच प्रश्न होता, आणि पाणी तपासतात म्हणजे नेमकं काय तपासतात हे पाहायची बुद्धी मला तेव्हा झाली. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आहे आयएस १०५००. त्यात पाण्याचा रंग, वास, आम्लता, क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं, आर्सेनिक, विष्ठेतले जीवाणू आणि काही कीटकनाशकंसुद्धा येतात. औषध मात्र एकही येत नाही. पॅरासिटामॉल नाही, मधुमेहाची मेटफॉर्मिन नाही, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक नाही. ज्याला मर्यादाच ठरलेली नाही ते कुणी मोजत नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याबद्दल ‘पाणी पिण्यास योग्य’ या शिक्क्याला काहीच सांगता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. पुष्कळ घरांत एक तरी माणूस रोजची गोळी खाणारा आहे. रक्तदाबाची, साखरेची, गुडघ्याची, झोपेची, पित्ताची. या गोळ्या पुढे जातात कुठे, हे या जिल्ह्यापुरतं शोधायचं तर आधी इथल्या नद्या समजून घ्याव्या लागतात.

०००

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख विचारताना ‘घाटावरचे की घाटाखालचे’ असं विचारतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा मधोमध कापला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. ही वाटणी बोलीत आहे, सोयरिकीत आहे, राजकारणात आहे, आणि पाण्यातही आहे. बुलढाण्याच्या डोंगरात उगवणारी पैनगंगा येळगावच्या धरणातून मेहकरकडे जाते, मराठवाडा आणि विदर्भाची सीमा आखत चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते, तिथून प्राणहिता, तिथून गोदावरी. शेवट बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगररांगेतून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा उत्तरेला घाट उतरतात, पूर्णेला मिळतात. पूर्णा चांगदेवला तापीत जाते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा हीसुद्धा पूर्णाच, पण ती दुसरी. ती येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं भरत परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. एका जिल्ह्यात दोन पूर्णा, आणि त्यांची तोंडं दोन समुद्रांकडे.

म्हणजे आपण वरच्या अंगाला राहतो. आपल्या नालीत पडलेलं औषध आपल्याला परत भेटेलच असं नाही, ते हिंगोलीला, परभणीला, भुसावळला भेटेल. वरच्या अंगाला राहणाऱ्याची जबाबदारी जास्त असते, हे शेताच्या बांधावर भांडणारा प्रत्येक शेतकरी जाणतो.

लोणारची गोष्ट वेगळी आणि त्यामुळे जास्त काळजीची. बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. धारेचं पाणी, पावसाचं पाणी, कडेकपारीतले झरे असं सगळं आत येतं. बाहेर जायला वाट नाही. पाणी जातं ते वाफ होऊन, मागे उरतं ते सगळं तिथेच. म्हणूनच ते खारं, म्हणूनच ते इतकं अल्कधर्मी की साधा मासा त्यात जगत नसे. त्या पाण्यातले क्षारप्रेमी सूक्ष्मजीव जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं ते त्यांच्यामुळेच, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेलं. आणि याच सरोवरात लोणार गावाचं सांडपाणी उतरतं, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षं गाजत राहिला. न्यायालयाच्या रेट्यामुळे सांडपाणी प्रक्रियेची कामं झाली. पण सांडपाण्यावरची नेहमीची प्रक्रिया घाण आणि जंतू कमी करण्यासाठी असते. विरघळलेली औषधं पकडणं हा तिचा उद्देशच नसतो. ज्या तळ्याचा सगळा मोठेपणा सूक्ष्मजीवांचा आहे, त्या तळ्यात जंतूंना मारण्यासाठीच बनवलेलं रसायन थेंब थेंब का होईना उतरू देणं मला भयंकर वाटतं.

०००

औषध पाण्यात जायच्या वाटा चार: माणसाच्या शरीरातून, घरातल्या कचऱ्यातून, गुरांच्या आणि शेताच्या वापरातून, आणि कारखान्याच्या नळातून.

पहिली वाट सगळ्यात मोठी आणि सगळ्यात निर्दोष. गिळलेली गोळी शरीरात पूर्ण विरत नाही. मेटफॉर्मिन तर मूत्रावाटे जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. अमॉक्सिसिलिनचा मोठा भाग तसाच जातो, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचाही. अपस्मारावरचं कार्बामाझेपिन इतकं चिवट की सांडपाणी केंद्रातून ते पार होतं आणि नदीतही टिकून राहतं. गुडघ्याला चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल घ्या: त्वचेतून जेमतेम सहा टक्के आत जातं, बाकीचं हात धुताना, अंघोळीत, धुण्यात जातं. कापूस वेचून आलेल्या बाईने कंबरेला जेल लावू नये असं कोण म्हणेल? पण लावल्यावर हात आधी कागदाने किंवा जुन्या फडक्याने पुसावेत आणि मग धुवावेत, एवढं सांगायला काय हरकत आहे? युरोपातल्या दुकानांत हे सांगतात.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०४ देशांतल्या २५८ नद्यांचं पाणी एकाच पद्धतीने तपासलं गेलं. एकंदर १,०५२ ठिकाणं आणि ६१ औषधं. कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफिन निम्म्याहून अधिक ठिकाणी सापडली. चौथ्या हिश्शाहून अधिक ठिकाणी एखाद्या तरी औषधाचं प्रमाण जलचरांना सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर होतं. सगळ्यात वाईट अवस्था श्रीमंत देशांत नव्हती. लाहोर, बोलिव्हियातलं ला पाझ, इथिओपियातलं अदिस अबाबा इथल्या नद्या वर होत्या. जिथे औषधं सहज मिळतात पण सांडपाण्याची व्यवस्था नाही, अशी ही गावं. हे वर्णन आपल्या किती शहरांना लागू पडतं ते वाचकाने आपल्या घरामागच्या नालीकडे बघून ठरवावं.

या पाण्यातलं प्रमाण लिटरला नॅनोग्रॅम, मायक्रोग्रॅम एवढं सूक्ष्म असतं, ते पिऊन माणूस आजारी पडत नाही, असं म्हणतात. पिणाऱ्या माणसापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण नदीत माणूस राहत नाही. कॅनडात ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखलेली तळी आहेत. त्यातल्या एकात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं संततिनियमनाच्या गोळीतलं संप्रेरक मिसळलं, लिटरला फक्त ५ ते ६ नॅनोग्रॅम. नर माशांमध्ये मादीची लक्षणं आली आणि एका छोट्या माशाची जात त्या तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. एवढ्या थोड्या मात्रेने.

०००

कारखान्याच्या वाटेचं उदाहरण गोदावरीच्याच खोऱ्यात आहे. हैदराबादजवळ पटानचेरूला औषधांचा कच्चा माल बनवणारे सुमारे ९० कारखाने आपलं सांडपाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्राला पाठवत. २००७ मध्ये स्वीडनच्या जोआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत होतं. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून हे जास्त. दिवसाला अंदाजे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सॅसिन नाल्यात जात होतं. सगळ्या स्वीडनला पाच दिवस पुरेल एवढं. हे पाणी इसकवागू, नक्कवागू या ओढ्यांतून मांजरा नदीत जायचं. तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगवते, लातूरची तहान भागवते आणि तेलंगणात गोदावरीला मिळते. आपली पैनगंगा गोदावरीत पोचते तेव्हा हे पाणी आधीच तिथे पोचलेलं असतं.

त्या अभ्यासाने जग हादरलं. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात १२१ प्रतिजैविकं किती असावीत याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या. देशात पहिल्यांदा असं काही होत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्यातून या मर्यादा गाळलेल्या होत्या. मला या सगळ्या विषयातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच वाटते. आजार ठाऊक होता, तो कुठे आहे ते ठाऊक होतं, औषध लिहूनही झालं होतं आणि चिठ्ठी फाडून टाकली. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती पाळायची सक्ती कुणावर नाही. महाराष्ट्रात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे खाडीतली मासेमारी बुडाली म्हणून मांगेला समाजाच्या मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. त्या वसाहतीत रसायनांबरोबर औषधांचे कारखानेही आहेत.

प्रतिजैविक पाण्यात गेल्याने नेमकं काय बिघडतं? नालीच्या गाळात अब्जावधी जीवाणू असतात. औषधाने दुबळे मरतात, ज्यांना ते औषध चालत नाही ते उरतात आणि वाढतात. शिवाय ही ताकद ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात, जनुकाचा तुकडा हातोहात पोचवून. २०११ मध्ये दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे जनुक सापडलं. ज्या जीवाणूकडे ते असतं त्याच्यावर दवाखान्यातली बरीचशी राखीव प्रतिजैविकंही चालत नाहीत. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गाने गेली. बाळंतीण, सिझरची जखम, अर्भकाचा न्यूमोनिया, मधुमेह्याच्या पायाची चिघळलेली जखम, यांतलं कुठलंही दुखणं आपल्या तालुक्याच्या गावी रोजचं आहे.

०००

शेताचं आणि गोठ्याचं थोडं सांगायला हवं. कपाशीवर करपा दिसला की कॉपर ऑक्सिक्लोराइडमध्ये स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी टाकायची, हे वऱ्हाडात कुठल्याही कृषी केंद्रावर ऐकायला मिळायचं. ती पुडी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीत त्याचा वापर पूर्ण बंद केला. जुलै २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांच्या खाद्यातून कोलिस्टिन या राखीव प्रतिजैविकावर बंदी आली होती. हे दोन्ही निर्णय चांगले. कुणाच्या घरात जुन्या पुड्या उरल्या असतील तर त्या विहिरीच्या काठावर, पंप धुवायच्या जागी रिकाम्या करू नयेत.

आणि गिधाडं. साठीच्या पुढच्या कुठल्याही गुराख्याला विचारा, मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की आभाळ गिधाडांनी काळं व्हायचं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात हजारामागे एक उरली. कारण कुणालाच समजेना. २००४ मध्ये लिंडसे ओक्स यांच्या गटाने पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून ते शोधलं: डायक्लोफेनॅक. सुजलेल्या, लंगड्या बैलाला ढोरांचा डॉक्टर जे दुखण्याचं इंजेक्शन द्यायचा, ते मेलेल्या बैलाच्या मांसात उरायचं आणि गिधाडाची मूत्रपिंडं निकामी करायचं. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेपुरतं बांधलं. जुलै २०२३ मध्ये जनावरांसाठीचं अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही बंद झालं. मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे, तो सगळ्या पशुवैद्यांना ठाऊक आहे. गिधाडं गेल्यावर कुत्री वाढली, सडकं मांस पाण्याकडेला पडून राहिलं. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की २००० ते २००५ या काळात देशात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली.

डायक्लोफेनॅकची गोष्ट पाण्याची नव्हे, पण एक औषध निसर्गात गेल्यावर काय करू शकतं याचा याहून पक्का पुरावा जगात कुठे नाही, म्हणून ती सांगितली. आणि दुसरं कारण असं, की संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके किडनीच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं बातम्यांत आहेत. त्याचा संशय खाऱ्या पाण्यावर आहे. वान धरणातून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली ती याच त्रासातून. किडनी अधू असलेल्या माणसाने डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत, हे डॉक्टर सांगतात. आणि याच गावांत मेडिकलवर जाऊन नुसतं ‘दुखण्याची गोयी द्या’ म्हटलं की चार गोळ्या कागदात गुंडाळून मिळतात.

०००

आता घरातला डबा. बिस्किटांचा पत्र्याचा, नाहीतर प्लॅस्टिकचा, कपाटाच्या वरच्या फळीवर. त्यात काय असतं? तापाचा अर्धवट सोडलेला कोर्स, कारण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. डॉक्टर बदलल्यावर बंद झालेल्या बीपीच्या गोळ्या. आरोग्य शिबिरातून आलेल्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या पुड्या. पोरांच्या सिरपच्या चिकट बाटल्या. आणि कात्रीने कापलेले पट्ट्यांचे तुकडे. मेडिकलवाला पट्टी कापून देतो, मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक पुष्कळदा दुकानातच राहतं. घरी आलेल्या तुकड्यावर ना नाव पुरं, ना तारीख. सहा महिन्यांनी ती गोळी कशाची, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून विकत घेतानाच तारखेचा तुकडा मागून घ्यावा, किंवा त्या तुकड्याचा मोबाइलवर फोटो काढावा.

घरातलं म्हातारं माणूस जातं तेव्हा तर पिशवी भरून औषधं मागे राहतात. तेरावं झालं की घर आवरताना ती पिशवी समोर येते आणि कुणाला ती हातात धरवत नाही. मग ती उकिरड्यावर जाते, पुलावरून नदीत जाते, किंवा गोळ्या सोडून सिरप मोरीत ओततात. चुलीत जाळणारेही आहेत. दवाखान्यातला असा कचरा भट्टीत हजार अंशांच्या वर जाळायचा नियम आहे. चुलीच्या आगीत औषध धड जळत नाही, प्लॅस्टिकचा आणि पत्र्याचा विषारी धूर मात्र घरात भरतो.

दुकानदाराकडे मुदत संपलेला माल उरला तर त्याची वाट ठरलेली आहे: दुकानातून स्टॉकिस्टकडे, तिथून कंपनीकडे, आणि पैसे वजा. दवाखान्यांचा कचराही पिवळ्या पिशवीत भरून ४८ तासांच्या आत गाडीवर चढतो. फक्त घरच्या औषधाला वाट नाही, असंच आपल्याला वाटतं. खरं तर नियम आहे. केंद्राच्या २०१६ च्या, २०२६ पर्यंत लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ असा वेगळा प्रकार केलेला होता. त्यात ट्यूबलाइट, बॅटरी, फुटलेला थर्मामीटर, वापरलेली सुई यांच्याबरोबर मुदत संपलेली औषधं नावानिशी होती. तो कचरा नागरिकाने वेगळा द्यायचा आणि स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याहून कमी क्षेत्र असेल तरी निदान एक जमा केंद्र उघडून तो घ्यायचा, असं त्यात लिहिलेलं होतं. विदर्भासाठी घातक कचऱ्याचं विल्हेवाट केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. म्हणजे वाटेची दोन्ही टोकं कागदावर तयार आहेत, मधला टप्पा आपल्या गावात सुरू करायचा आहे.

केरळने तो सुरू केला. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये औषध विक्रेत्यांच्या संघटनेला बरोबर घेऊन दुकानांत पेट्या ठेवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘एनप्राउड’ नावाने कोझिकोड शहरात आणि उळ्ळियेरी या ग्रामपंचायतीत सरकारी योजना आली: ठरलेल्या जागी निळ्या पेट्या, आणि घरोघरी जाऊन कचरा नेणाऱ्या हरित कर्म सेनेच्या बाया औषधंही गोळा करतात. गोळा झालेलं औषध घातक कचऱ्याच्या केंद्रात जाळलं जातं. एक ग्रामपंचायत हे करू शकते, ही यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनेही मार्गदर्शिका काढली आणि राज्याचा औषध विभाग व केमिस्टांच्या संघटना यांनी मिळून परत घेण्याची सोय करावी असं सुचवलं. तिच्यात १७ औषधांची एक यादी आहे, फेंटानिल, मॉर्फिन, ट्रमाडॉल, डायझेपाम यांच्यासारखी. ही परत देता आली नाहीत तर संडासात टाकून पाणी सोडावं, असं ती सांगते, कारण कर्करोगाच्या रुग्णाची उरलेली एखादी पट्टी लहान लेकराच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो. बाकी कुठलंही औषध मोरीत, संडासात टाकायचं नाही.

फ्रान्समध्ये १९९३ पासून औषध कंपन्यांच्या पैशावर ‘सिक्लामेड’ नावाची व्यवस्था चालते. उरलेली औषधं जवळच्या कोणत्याही दुकानात नेऊन द्यायची. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या सांडपाणी केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कार्बनची जोड द्यायला सुरुवात केली, आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने अशा खर्चाचा निदान ८० टक्के भार औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत. एवढा खर्च आपल्या नगरपरिषदांना परवडणारा नाही हे मान्य. पण पेटी परवडते. बुलढाणा जिल्ह्यात ११ नगरपरिषदा आहेत, मोताळा आणि संग्रामपूरला नगरपंचायती आहेत. या प्रत्येक गावात घंटागाडी फिरते. तिच्यावर एक झाकणाचा, कुलपाचा डबा बसवायला किती पैसे लागतात? आशाताईंना घराघरातला डबा ठाऊक आहे; त्यांना त्या कामाचे वेगळे पैसे देऊन वर्षातून दोनदा, पोळ्याच्या आणि होळीच्या सुमाराला, गावातली जुनी औषधं गोळा करता येतील. २०२४ मध्ये बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, फार्मसीची महाविद्यालयं आधीपासून आहेत. येळगावच्या, नळगंगेच्या, लोणारच्या पाण्यात कोणती औषधं आहेत हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोजावं, यासारखा दुसरा अभ्यासविषय त्यांना मिळायचा नाही.

पेटी येईपर्यंत घरी काय करायचं ते सांगतो. आधी विकत घेणं कमी करा. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या तर पाचच दिवसांच्या घ्या आणि त्या पुऱ्या संपवा. प्रतिजैविक चिठ्ठीवाचून मागू नका, शेजाऱ्याला उरलेलं देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा खाली काढा, मुदत संपलेलं वेगळं करा, पट्ट्या कात्रीने कापून टाका म्हणजे कुणी उचलून विकणार नाही. सगळं एका झाकणाच्या बरणीत भरा, इन्सुलिनच्या सुया वेगळ्या जाड बाटलीत घाला आणि वर ‘मुदत संपलेली औषधं’ असं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. ती बरणी ओल्या कचऱ्यात, उकिरड्यात, नदीत टाकू नका. लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आणि एक कागद लिहा. शहरात मुख्याधिकाऱ्यांना, खेड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना. त्यात तीनच प्रश्न विचारा: आपल्या हद्दीत घरगुती घातक कचऱ्याचं जमा केंद्र कुठे आहे, तिथे मुदत संपलेली औषधं घेतात का, आणि घेतल्यावर ती पुढे कुणाकडे पाठवतात. अर्जात घनकचरा व्यवस्थापन नियमांचा उल्लेख करा. अर्ज आवक विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.